कोपर काढलेली भिंत

शकूताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी नारायण पेठेतल्या माझ्या जुन्या फ्लॅटच्या जिन्यात शेजारणीशी पाण्याच्या टाकीवरून भांडत होते. भांडण अगदी रंगात आलं होतं आणि, खरं सांगायचं तर, मी जिंकत होते. फोन मुग्धाचा, माझ्या मुलीचा. "आई, लगेच रिक्षा कर आणि ये. माय उठत नाहीयेत…" शकूताई म्हणजे माझ्या विहीणबाई, जावयांच्या आई. प्रशांतराव त्यांना माय म्हणतात आणि मला आई, त्यामुळे आमच्या घरात हाक मारताना कधी घोटाळा झाला नाही. दुपारी जेवून, ओटा पुसून, "जराशी पाठ टेकते" म्हणून त्या आपल्या खोलीत गेल्या आणि झोपेतच गेल्या. कुणाला उठवलं नाही, कुणाकडे पाणी मागितलं नाही. मी पोचले तेव्हा पायाशी पांघरुणाची घडी तशीच होती. माझ्या पिशवीत मेतकुटाची पुडी होती. सकाळी घरून निघताना त्यांनीच बजावलं होतं, "येतांना मेतकूट आणजा ईनबाई, तुमचं ते पुणेरी औषध." ती पुडी हातात धरून मी किती वेळ उभी होते कोण जाणे. शेवटी मुग्धाने ती काढून घेतली.

याला आता काही आठवडे झाले. भेटायला येणाऱ्यांची वर्दळ ओसरली. पण येणारी प्रत्येक बाई निघताना, दाराशी चपला पायात सरकवता सरकवता, आवाज उतरवून एक प्रश्न विचारून गेली, "मग आता तुम्ही कुठे? इथेच का?" वाईट हेतूने नाही हो. आपल्याकडे हा प्रश्न पडतोच. मुलीचं घर ते मुलीचं घर. माझी आई माझ्याकडे यायची तेव्हा नातू होईपर्यंत पाण्याचा फिरकीचा तांब्या घरून घेऊन यायची, आणि माझे सासरे "अहो, आमच्या नळाला काय विष येतं का?" म्हणून दर वेळी तोच विनोद करायचे. त्या आईची मी मुलगी. मुलीच्या घरी राहायला मी आले ती मुलीच्या सांगण्यावरून नव्हे, जावयांच्याही नव्हे, शकूताईंच्या शब्दावर. शब्द देणारं माणूसच उठून गेलं, तर आता मी इथे कोण? हा प्रश्न बायकांनी विचारण्याआधीच मी स्वतःला विचारला होता.

आमची पहिली भेट लग्नाची बोलणी करायला त्या माझ्याकडे पेठेत आल्या तेव्हाची. यवतमाळच्या बाजूच्या. सरकारी दवाखान्यांत परिचारिका म्हणून नोकरी, नवरा ऐन उमेदीत गेलेला, एका मुलाला वाढवत या गावाहून त्या गावी बदल्या. बुटक्या, सावळ्या, आणि आवाज असा की आमच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यापर्यंत लग्न जमल्याचं कळलं. मी घसा साफ करून विचारलं, "मानपानाचं आपलं काय म्हणणं आहे?" त्यावर त्या म्हणाल्या, "मानपान? द्या ना, एक कप चहा द्या. साखर कमी टाकजा तेवढी, पुण्याचा चहा म्हंजे पाक असते." मी चाट! आमच्याकडे चहाला नावं ठेवून कुणी सोयरिक जुळवत नाही. पण त्यांनी कप रिकामा केला, स्वतः उठून विसळला, आणि कपाटावरच्या पृथ्वीच्या गोलाला एक टिचकी मारून तो गरकन फिरवला. मी शाळेत भूगोल शिकवायची, तो गोल मला निरोपसमारंभात मिळालेला. माझ्या परवानगीशिवाय त्याला हात लावणाऱ्या त्या पहिल्याच.

मुग्धा आणि प्रशांतरावांनी कात्रजच्या पुढे, टेकडीच्या उतारावर एक छोटा प्लॉट घेतला, आणि फ्लॅटच्या भावात स्वतंत्र घर बांधायचं ठरवलं. मुग्धाची मैत्रीण ऋता आर्किटेक्ट. तिने आराखडा करून आणला आणि टीव्हीवर लावून दाखवला. मी सवयीने उत्तर दिशेचा बाण शोधला. बाण नव्हता. विचारलं तर म्हणाली, "काकू, टाकते नंतर." उत्तर दिशा नंतर टाकतात हे मला नवीन होतं. शकूताई पडद्यासमोर जाऊन, मान एकदा इकडे, एकदा तिकडे करून पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "घर असं वरतून कोण पाह्यते वो? पाखरंच." आणि खालच्या मजल्यावरच्या एका चौकोनावर बोट ठेवलं. "या खोलीत कोण राहते?"

"ती गेस्ट रूम आहे, माय," प्रशांतराव म्हणाले.

"गेस्ट म्हंजे पाहुणे? आजकाल पाहुणे येते कोण? सारे हॉटेलात उतरून राहिले. ही ईनबाईची खोली."

मी तिथल्या तिथे सांगितलं की माझं पेठेत घर आहे, भाजी, औषधं, देऊळ, सगळं पायाखाली आहे, आणि मुलीच्या घरी राहायची आमच्यात पद्धत नाही. शकूताई वाद घालायला उतरल्याच नाहीत. "नका राहू. खोली असू द्या नुसती, कपडे ठेवाले." पुढच्या खेपेस ऋताने आराखडा आणला तर त्या चौकोनात लिहिलेलं, शिवणाची खोली. मी म्हटलं, मला शिवण येत नाही. त्याच्या पुढच्या खेपेस, अभ्यासिका. "कुणाचा अभ्यास?" "भूगोलाचा," शकूताई म्हणाल्या. पोरं खाली मान घालून हसत होती. मी नाही हसले. पण रिक्षातून घरी जाताना हसू आलं, ते कुणी पाहिलं नाही.

मग आला तो साड्यांचा रविवार. शकूताईंना कागदावरचं घर समजत नव्हतं, आणि न समजलेल्या गोष्टीवर सही करायची नाही हा त्यांचा दवाखान्यातला शिरस्ता. म्हणून त्या एक ट्रंक भरून जुन्या सुती साड्या घेऊन प्लॉटवर हजर. आम्हा सगळ्यांना कामाला लावलं. जमिनीवर साड्या लांब पसरून, घडी घालून, दगड ठेवून त्या भिंती आखत गेल्या. त्यांचं मापही साडीच. "हॉल एक साडी लांब, पाऊण साडी रुंद. सैपाकघर अर्धी साडी, पण पदराकडून घ्या, तिकडं ओटा येते." बिचारी ऋता मोबाईलवर त्याचे फूट करत मागून फिरत होती. वारा उताराचा, पदर फडफडत होते. रस्त्याने जाणाऱ्या एकाने गाडी थांबवून विचारलं, "सेल आहे का?" मी म्हटलं, "हो, पण भिंती विकतोय, साड्या नाही." तो गेला बापडा.

घर आखून झालं तशी शकूताईंनी थर्मासमधून चहा ओतला आणि एक कप माझ्या हातात दिला. "आता सकाळ झाली. तुम्ही उठल्या. चाला." मला आधी कळेचना. मग कळलं की मी माझ्या त्या खोलीतून उठून, जसं रोज चालेन तसं चालून दाखवायचं. मी चहा न सांडता निघाले, आणि पाहते तो काय, न्हाणीघरात जायचं तर मला अख्खा हॉल ओलांडावा लागत होता. "पाह्यलं?" त्या ऋताला म्हणाल्या. "म्हातारं माणूस अर्ध्या झोपेत, गुडघे धरून, जावयाच्या टीव्हीपुढून संडासले जाईल काय? लाज वाटून पाणी प्यायचं सोडते माणूस. मी असे कितीक पाह्यले." ऋता पुढे झाली. तिने तिथल्या तिथे न्हाणीघर उचललं आणि माझ्या आणि शकूताईंच्या शेजारशेजारच्या खोल्यांच्या मागे आणून ठेवलं, म्हणजे एक साडी उचलून इकडे अंथरली. मग दारं. दारांच्या रुंदीसाठी शकूताई जमिनीवर चक्क आडव्या झाल्या आणि मुलाला म्हणाल्या, "आता मले खाटेसकट बाहेर काढ. वळते का पाह्य." नर्सबाईंचा हिशेब सरळ होता. माणूस घरात येतं उभ्याने, पण कधीतरी त्याला आडवं न्यावं लागतं, आणि त्या वेळी चौकटीला ठेचकाळत न्यायचं नाही. प्रशांतराव कानकोंडे झाले. "माय, काय बोलते तू!" पण दार रुंद झालं. शकूताईंना शेवटचं बाहेर नेलं तेव्हा ते त्याच दारातून. कुठे लागलं नाही, कुठे तिरकं करावं लागलं नाही. मी बाजूला उभी होते, आणि तसल्या त्या वेळीही मनात आलं, बाईंचं माप बरोबर निघालं.

सगळंच मात्र त्यांचं बरोबर नव्हतं हं. दुपारी घर पुरं झालं म्हणून त्या कंबरेवर हात ठेवून समाधानाने बघत असताना मी विचारलं, "शकूताई, वर कसं जायचं?" जिनाच नव्हता! वरच्या मजल्यावर मुग्धा-प्रशांतरावांच्या खोल्या, आणि जिना कुणालाच सुचला नव्हता. आयुष्यभर बैठ्या क्वार्टरात राहिलेलं माणूस ते. त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "वर तं सगळ्यालेच जायचं हाये ईनबाई, घाई काहून करता?" मग आम्ही दोघी इतक्या हसलो की मुग्धाने पाणी आणून दिलं. जिना बसवायला हॉलची पाव साडी गेली. स्वयंपाकघराच्या खिडकीचंही तेच. त्यांनी ती पश्चिमेला ठेवली होती, मी सांगितलं, अहो, उन्हाळ्यात चार वाजता तुमची पोळी तव्याबाहेरच भाजेल, ती पूर्वेला घ्या. त्यांनी निमूटपणे घेतली. "म्हणून तं भूगोल पाह्यजे घरात," असं मात्र सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या.

जेवणानंतर पोरं झाडाखाली बसली आणि आम्ही दोघी आपापल्या खोलीत, म्हणजे आपापल्या सतरंजीवर, आडव्या झालो. मधे एक पिवळी विटकी साडी, तीच मधली भिंत. वर आभाळ. मग पलीकडून त्या म्हणाल्या, नेहमीच्या आवाजात नव्हे, "ईनबाई, मी हे तुमच्यासाठी नाई म्हणून राहिली. क्वार्टरात भिंतीपल्याड कोणी ना कोणी राहे. खोकलं की आवाज येई. आता पोराकडं आली तं रात्री मले झोप नाई येत. पोरं वर, दार लावून. त्यांचं बरोबर हाये. पण मले भिंतीपल्याड माणूस पाह्यजे. तुमच्यावर उपकार नाई. माझ्यासाठी या." आता माझी जीभ कशी आहे ते माझ्या विद्यार्थिनींना विचारा. मानपान, रीत, लोक काय म्हणतील, प्रत्येकाला माझ्याकडे उत्तर तयार असतं. याला नव्हतं. माझ्याही फ्लॅटमध्ये रात्री फक्त फ्रिज बोलायचा, हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. मी आभाळाकडे बघत म्हटलं, "बघू." पलीकडून हुश्श असा आवाज आला. पुण्यात इतकी वर्षं मुलगा राहिल्यावर 'बघू'चा अर्थ त्यांना समजू लागला होता.

आता ती भिंत. ऋताने आमच्या दोन्ही खोल्या अगदी सारख्या काढल्या होत्या. मला ते पटेना. मुलाची आई त्या. या घरात पहिला मान त्यांचा, मी आले तर दुय्यम येणार, आणि उपकार घ्यायचाच तर मोजूनमापून घ्यावा हा माझा स्वभाव. जोतं झालं, मधल्या भिंती आखल्या, तेव्हा एक दिवस मी कुणाला न सांगता बसने कात्रजला गेले आणि नामदेव मिस्त्रींना गाठलं. म्हटलं, ही मधली भिंत थोडी माझ्या बाजूला सरकवा, विहीणबाईंची खोली मोठी होऊ दे. ते म्हणाले, "मॅडमनी आखून दिलंय." मी म्हटलं, "मॅडम माझ्या मुलीएवढ्या आहेत, मी बोलते." शाळेतला आवाज लावला. त्यांनी सुतळी सरकवली आणि एका बाजूने वीट लावायला घेतली. मी समाधानाने परत आले.

दुसऱ्या दिवशी शकूताई तिथे. त्याही कुणाला न सांगता! त्यांचं म्हणणं उलटं. ईनबाई आयुष्यभर स्वतःच्या घरात राहिल्या, पुस्तकं, नकाशे, तो गोल, त्यांना जागा लागते. मी काय, ट्रंकेत मावते. त्या सांगायला गेल्या की भिंत माझ्या बाजूला घ्या, ईनबाईंची खोली मोठी करा. बघतात तर अर्धी भिंत उलट दिशेला सरकून उभी! माझी करणी त्यांनी तिथल्या तिथे ओळखली. मिस्त्रींना म्हणाल्या, "झाली ते झाली. बनली ते पाडू नका. आता उरलेली माझ्या अंगाले घ्या." मिस्त्रींनी काय करावं? दोन आया, दोन हुकूम. त्यांनी उरलेली अर्धी भिंत दुसऱ्या सुतळीवर बांधली, आणि मधली फट भरायला दीडेक फुटाचा एक आडवा तुकडा घातला. ओळंबा लावून, अगदी नेकीने.

आठवडाअखेर सगळे बघायला गेलो तर भिंत छातीइतकी वर आलेली, आणि मधोमध तिला कोपर फुटलेलं! सरळ जाता जाता एकदम वळून, परत सरळ. ऋता नुसती बघत राहिली. प्रशांतरावांनी कपाळाला हात लावला. "हे काय आहे, नामदेवराव?" मिस्त्री शांतपणे तंबाखू झटकत म्हणाले, "मला काय इचारता सायेब? एक आई आल्या, म्हनल्या इकडं सरकवा. दुसऱ्या आल्या, म्हनल्या तिकडं. मी कुनाचं मोडू? मला काय, भिंत पक्की हाय." मी शकूताईंकडे पाहिलं, शकूताईंनी माझ्याकडे. पकडल्या गेलेल्या पोरींसारख्या दोघीही आभाळाकडे बघायला लागलो. मुग्धा हसता हसता जोत्यावर बसलीच. ऋताने मोजून पाहिलं. एका खोलीचं इकडे गेलं ते तिकडे आलं, दोन्ही खोल्या पुन्हा होत्या तेवढ्याच! सगळा आटापिटा करून आम्ही दोघी एकमेकींना काही म्हणजे काही जास्त देऊ शकलो नव्हतो. पाडून सरळ करू या, असं जावई म्हणाले, तेव्हा मात्र आम्ही दोघी एका सुरात ओरडलो, "नको!" आजवर आमचं एकमत झालेलं ते पहिलंच.

त्या कोपराच्या दीड फुटी तुकड्यात काय करायचं, हा प्रश्न शकूताईंनी सोडवला. "खिडकी ठेवा." ऋता म्हणाली, "काकू, घराच्या आत खिडकी? दोन बेडरूमच्या मध्ये?" "मग? बाहेरच पाह्यलं पाह्यजे का माणसानं?" झाली खिडकी. दोन बाजूंना दोन झडपा, माझी माझ्याकडे उघडणारी, त्यांची त्यांच्याकडे. सुतार आला तेव्हा मी समोर उभं राहून माझ्या झडपेला छानशी पितळी कडी बसवून घेतली. एकांत हवा तर कडी हवी. पलीकडच्या बाजूचं काम त्यांनी पाहिलं.

या घरात आम्ही दोघी राहिलो ती वर्षं फार चांगली गेली. हे मला साधेपणाने लिहायचं आहे, कारण दोन विहिणी एका घरात म्हटलं की लोक सुस्कारा तयारच ठेवतात. आम्ही भांडलो नाही असं नाही. माझ्या आमटीतला गूळ बघून त्या "ही आमटी का बासुंदी?" म्हणायच्या, आणि त्यांच्या वांग्याच्या भाजीने माझ्या डोळ्यांतून पाणी काढलं की "अरे वा, रडवलं पुण्याले!" म्हणून टाळी द्यायच्या. पण सकाळ खिडकीने व्हायची. त्यांची खोली पूर्वेची, माझी तिच्या आडोशाला. त्यांनी झडप उघडली की त्यांच्याकडचं ऊन माझ्या बिछान्यावर यायचं, पाठोपाठ हाक, "ईनबाई, आत हाये का?" जणू मी रात्रीत पळूनच जाणार होते. खिडकीतून वर्तमानपत्र जायचं, चष्मा यायचा, खोकल्याची गोळी जायची, सोललेलं संत्रं यायचं. रात्री मी खोकले की पलीकडून "काढा देऊ का?" आणि त्या खोकल्या की मी "झोपा आता." एवढंच. पण त्यानंतर दोघींनाही झोप लागायची.

बिनसलं की मी माझी कडी लावायची. मग थोड्या वेळाने राग उतरला की आपली झडप हळूच उघडून बघायची, तर समोर त्यांची झडप मिटलेली. म्हणजे बाईंनीही कडी घातली! मग मी मुकाट्याने बसून राहायची. मिटल्या दाराला धक्का द्यायचा नाही, हा आमचा शिष्टाचार. त्यांचा राग उतरेल, त्या उघडतील… आणि त्या उघडायच्याच. घटकाभराने झडप हलायची आणि "घ्या, गूळ टाकून केलं" असं म्हणत एक वाटी आत यायची.

त्या गेल्यावर दिवसकार्य झालं, पाहुणे पांगले. मी आपली बॅग काढली. मुग्धा नुसती दारात उभी राहिली. प्रशांतराव तर माझ्याशी बोलताना जमिनीकडे बघायचे. मला राहा म्हणावं तर रीत आडवी येते, जा म्हणावं तर जीभ रेटत नाही, असं त्यांचं झालं असावं. मीही विचारलं नाही. आम्ही पुण्याचे लोक असे, प्रश्न दुसऱ्याने विचारावा म्हणून जन्मभर थांबू. कपडे भरले, गोल कागदात गुंडाळला. निघण्याआधी एक काम राहिलं होतं. ती खिडकी. माझी झडप मी लावलीच, पण पलीकडची वाऱ्याने आपटत राहील, म्हणून तिचीही कडी घालून यावी असं वाटलं. शकूताईंच्या खोलीत गेले. झडप लोटली, कडीसाठी हात वर नेला. वर कडी नव्हती. खाली पाहिलं, खालीही नव्हती. चष्मा लावून पाहिलं. लाकूड गुळगुळीत, स्क्रूचं एक भोकसुद्धा नाही. कडी तिथे कधी बसवलेलीच नव्हती.

मी हाक मारली. प्रशांतराव आले. "अहो, हिची कडी?"

"माय नको म्हणाली होती," ते म्हणाले. "सुतार दोन कड्या घेऊन आला होता. तर म्हणे, एक पुरे, ईनबाईले लागते. इकडून कायले पाह्यजे?"

मी शकूताईंच्या खाटेवर बसले. म्हणजे इतकी वर्षं मी माझ्या बाजूला बसून ज्या झडपेची वाट बघत राहायची, ती कधी बंद नव्हतीच. नुसती टेकलेली असायची. एक बोट लावलं असतं तरी उघडली असती. आणि पलीकडे त्या बसून असणार, संत्रं सोलत, पुणं कधी हात लावतं ते बघत… मला खूप रडू आलं. त्या गेल्या त्या दिवशी आलं नव्हतं तेवढं आलं. प्रशांतराव उभेच होते. मग तेही खाटेच्या टोकाला बसले आणि माझ्याकडे सरळ बघून म्हणाले, "आई, बॅग कायले भरली?" इतक्या वर्षांत माझ्याशी ते कधी घरच्या बोलीत बोलले नव्हते. माझ्याशी नेहमी पुस्तकी बोलायचे बिचारे.

कपडे मी त्याच दिवशी कपाटात परत लावले. गोल जागेवर ठेवला. पुढच्या आठवड्यात माळ्याचं दार बसवायला सुतार आला तेव्हा त्याला माझ्या झडपेची पितळी कडी काढायला सांगितली. तो म्हणाला, "चांगली आहे की, कशाला काढता?" मी म्हटलं, काढ. भोकं त्याने लांबीचा लगदा भरून बुजवली. शकूताईंच्या खोलीत प्रशांतराव आता सकाळी टेबल टाकून घरून काम करतात. त्यांचं काम सुरू असताना झडप टेकलेली असते. मी उठले की एक बोट लावते, ती उघडते, पूर्वेचं ऊन माझ्या बिछान्यावर येतं. आज सकाळी मी जरा उशिरा उठले. तर झडप तिकडूनच हलली, आणि फटीतून आवाज आला, "आई, आत आहात का?"

"आहे ना बाप्पा," मी म्हटलं, "जाऊन राहिली कुठं?"